वस्तीची वार्ता आणि आपले उत्तरदायित्व

परदेशस्थ बौद्ध कुटुंबांच्या बैठकीत मायदेशाच्या वार्तेला कधी तोटा नसतो. इंदोऱ्यात कोणाच्या घरी मंगलकार्य ठरले, वरळीची कोणती चाळ पाडण्यास घेतली, दीक्षाभूमीवर यंदा किती जनसमुदाय लोटला, हे सारे तासाभरात आपल्या घरी येऊन पोहोचते. ही ओढ स्वाभाविक आहे आणि ती टिकावी, असेच आम्ही म्हणू. परंतु ज्या रस्त्यावर आपले घर आहे, ज्या शाळेत आपली मुले जातात, त्या परिसरात काय चालले आहे असे विचारले, तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. काउन्सिलने दिव्याच्या खांबाला बांधलेली सूचना पावसाने भिजून गळून पडते, तरी ती कोणी वाचलेली नसते. तीन रस्ते पलीकडे राहणाऱ्या वयोवृद्ध काकांना रुग्णालयात हलविल्याची वार्ता प्रथम नागपूरला जाते आणि तेथून उलट फिरून आपणांस कळते.

हा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही. वस्तीतील साध्या, दैनंदिन घडामोडींची दखल घेणे व त्यांची लेखी नोंद ठेवणे हे चळवळीच्या पायाचे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ब्रिटनसारख्या देशात तर हे काम केल्यावाचून आपले कोणतेही मोठे कार्य तडीस जाणार नाही. हे मत आम्ही का मांडतो, ते पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील चाळींतून आणि वस्त्यांतून आलेले आहेत. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन लहान खोल्यांत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. नायगाव, वरळी आणि डिलाईल रोड येथील बी. डी. डी. चाळींच्या एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांतून कामगारांच्या पिढ्या वाढल्या. चाळीच्या तोंडाशी एक काळा फळा असे. कोणाचे निधन झाले व अंत्ययात्रा किती वाजता निघणार, पाणी कधी येणार, भीमजयंतीच्या वर्गणीचा हिशेब काय, मॅट्रिकला कोण उत्तीर्ण झाले, हे त्या फळ्यावर खडूने लिहिलेले असे. गिरणीची पाळी संपवून परतणारा माणूस घरात शिरण्यापूर्वी तो फळा वाची. ज्याला वाचता येत नसे, तो शेजारच्या मुलाकडून वाचून घेई. त्या फळ्यामुळे शंभर बिऱ्हाडे एकमेकांस बांधलेली राहत. संकट आले की सभा भरविण्यास निराळे निमंत्रण पाठवावे लागत नसे. आज त्या चाळींचा पुनर्विकास होत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. कष्टकऱ्यांना प्रशस्त घर मिळावे, यात आनंदच आहे. मात्र उंच इमारतीत गेलेल्या वस्तीला आणि सातासमुद्रापार आलेल्या आपल्या कुटुंबांना एकच प्रश्न पडतो: आता तो फळा कोठे लावावयाचा?

बाबासाहेबांनी वस्तीच्या वार्तेचे मोल पूर्णपणे ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’. या पत्रांतील अग्रलेखांचे आपण नेहमी स्मरण करतो. त्या अग्रलेखांच्या आजूबाजूला गावोगावची सभावृत्ते, ठराव, तक्रारी आणि पत्रे छापलेली असत, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. ज्या माणसाचे गाऱ्हाणे गावचा पाटीलही ऐकून घेत नसे, त्याचे गाऱ्हाणे छापील अक्षरांत उमटत असे. अन्याय एकदा कागदावर आला की तो नाकारणे कठीण जाते, हे त्या पत्रकारितेमागील सूत्र होते.

महाडचाच इतिहास पाहा. २० मार्च १९२७ हा दिवस आपण सारे जाणतो. परंतु त्या दिवसाआधी आणि नंतर जे घडले, ते एका लहान गावाच्या नगरपालिकेच्या दप्तरात घडले. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये संमत झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. सत्याग्रहानंतर १९२७ च्या ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. तळे खासगी मालकीचे की नगरपालिकेचे, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी खरोखर अनादी काळापासूनची आहे काय, असे प्रश्न तेथे उपस्थित झाले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निर्णय दिला, तो भावनेच्या बळावर दिला नाही. तळे नगरपालिकेचे असल्याचे आणि रूढी अनादी असल्याचे सिद्ध न झाल्याचे पुराव्यावरून ठरले. सत्याग्रहाला धैर्य लागले आणि खटल्याला कागद लागले. बाबासाहेबांनी दोन्ही जमविले.

आता आपल्या या देशात घडलेले उदाहरण घेऊ. लंडनच्या प्रिमरोझ हिल भागातील दहा, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतले व १४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. जगभरातून आपले लोक तेथे येऊ लागले. मात्र कागदोपत्री ते राहते घर होते. त्याचे संग्रहालय करावयाचे तर वापरबदलाची परवानगी हवी होती. गर्दी व गोंगाट यांविषयी काही शेजाऱ्यांच्या तक्रारी गेल्या. भागातील निवासी जागा कमी होते, या कारणास्तव कॅमडेन काउन्सिलने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी नाकारली. मग अपील झाले, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर चौकशी झाली, आणि अखेर २०२० च्या मार्चमध्ये संबंधित खात्याच्या मंत्र्यांनी परवानगी दिली.

हे प्रकरण समजून घेताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या चौकशीत बाबासाहेबांची थोरवी कोणी अमान्य केली नव्हती. प्रश्न होता तो एका गल्लीचा. एक राहते घर कमी होणे, पर्यटकांच्या बसगाड्या, शेजाऱ्यांची शांतता, असल्या अगदी घरगुती मुद्द्यांवर विश्ववंद्य महापुरुषाच्या स्मारकाचे भवितव्य टांगणीला लागले होते. तेथे जयघोष उपयोगी पडणार नव्हता. ज्यांना काउन्सिलचे नियम ठाऊक होते, मुदतीत लेखी निवेदन कसे द्यावे हे ज्यांना उमगले होते, अशा येथील आंबेडकरी संघटनांच्या कार्यकर्त्यांनी त्या भाषेत उत्तर दिले, म्हणून बाजू उभी राहिली. त्यांचे आपल्यावर ऋण आहे. परंतु प्रत्येक वेळी मोजक्याच पाच-दहा माणसांनी धावपळ करावी आणि बाकीच्यांनी चौदा एप्रिलला छायाचित्र काढून परतावे, ही रीत समाजाला शोभणारी नाही. स्मारकाच्या शेजारी राहणाऱ्यांशी आपला परिचय आधीपासून असता, वर्षातून एखाद्या दिवशी त्यांना चहाला बोलावून या घरात कोण राहत होते हे सांगितले गेले असते, तर तक्रारीचा सूर निराळा असता काय, हाही विचार करण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. जातिभेद या देशातही पोहोचला आहे, हे सांगितले की येथील राज्यकर्ते पुरावा मागतात. येथील राष्ट्रीय आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेचा अहवाल २०१० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. कामाच्या जागी आणि सेवा घेताना जातीवरून भेदभाव व छळ होत असल्याचा पुरावा आढळतो, असे त्यात नमूद झाले. २०१३ मध्ये संसदेने समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन शासनावर घातले. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एका भारतीय घरकामगार भगिनीच्या दाव्यात रोजगार अपील न्यायाधिकरणाने वांशिक मूळ या संज्ञेत जात अंतर्भूत होऊ शकते, असा निर्वाळा दिला. २०१८ च्या जुलैमध्ये मात्र शासनाने कायद्यात स्वतंत्र तरतूद न करता न्यायनिवाड्यांवरच विसंबण्याचे जाहीर केले. अशा स्थितीत, ज्याला अन्याय सोसावा लागेल त्याला स्वतःच्या नोंदी घेऊन न्यायाधिकरणासमोर उभे राहावे लागणार. शाळेत मुलीला आडनावावरून जात विचारली जाते, कारखान्यात डबा एकत्र खाण्याचे टाळले जाते, घर भाड्याने देताना अकस्मात नकार येतो. या गोष्टी आपण रविवारी जेवताना एकमेकांस सांगतो आणि सोमवारी विसरतो. तारीख, ठिकाण, ऐकणारा साक्षीदार यांची दोन ओळींची नोंदही होत नाही. मग आपल्या अनुभवाला ऐकीव गोष्टीची किंमत आली, तर तो दोष केवळ ऐकणाऱ्याचा कसा म्हणावा?

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ही गावगप्पांना चळवळीचे नाव देण्याची खटपट आहे. आम्ही ते मान्य करीत नाही. कोणाच्या घरात कोणाचे पटत नाही, ही कुचाळकी होय आणि तिला सभेत थारा असू नये. कोणाचे आजारपण, कोणाची नोकरी गेली, कोणत्या शाळेत काय घडले, कोणती सूचना लागली, ही वार्ता होय. शीलाचे भान असलेल्या माणसास हा भेद सांगावा लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आपली येथे वस्तीच नाही; एक घर या टोकाला तर दुसरे त्या टोकाला. हे खरे आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे २ लाख ७३ हजार लोकांनी आपला धर्म बौद्ध म्हणून नोंदविला. त्यांत अनेक देशांचे लोक आहेत आणि मराठी बौद्धांची घरे त्या मानाने विखुरलेली आहेत. परंतु विखुरलेपणामुळेच नोंदीची गरज वाढते. दाट चाळीत वार्ता भिंतीतून ऐकू येत असे; येथे ती मुद्दाम पोहोचवावी लागते.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे. दोघेही नोकरी करणारे, त्यात मुलांचे शिक्षण. या अडचणीविषयी आम्हांस सहानुभूती आहे. पण पंजाबातून आलेले आंबेडकरी बांधव आपल्याही आधी या देशात आले, ओतशाळांतून व कारखान्यांतून राबले, आणि त्यांनी वूल्व्हरहॅम्प्टनसारख्या शहरांत विहार उभे केले. त्यांच्यापाशी आपल्याहून अधिक फुरसत होती, असे कोणी म्हणू शकेल काय?

तेव्हा मंडळाच्या सभासदांपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. प्रत्येक शाखेने एक जाड वही घालावी आणि तिच्यात मासिक वंदनेनंतर दहा मिनिटे बसून परिसरातील घडामोडी लिहाव्यात. लिहिण्याचे काम पाळीपाळीने करावे, आणि त्यात भगिनींनी व तरुणांनी पुढाकार घ्यावा. शाळेच्या दारातील आणि दवाखान्यातील वार्ता भगिनींना अधिक ठाऊक असते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. प्रत्येक काउन्सिलच्या हद्दीतील एका कुटुंबाने तेथील सूचनांवर लक्ष ठेवावे. बांधकामविषयक अर्जावर मत देण्यास साधारणतः एकवीस दिवसच मिळतात. ते निघून गेल्यावर हळहळून उपयोग नाही.

मतदार यादीत नाव आहे काय, हेही पाहावे. भारतीय पारपत्र असलेल्या व येथे कायदेशीर वास्तव्य करणाऱ्या प्रौढ व्यक्तीसही राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने येथील स्थानिक व संसदीय निवडणुकांत मत देता येते. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली, तो हक्क केवळ अर्ज न भरल्यामुळे पडून राहावा, हे बरे नव्हे. तसेच इंग्लंडमधील प्रत्येक स्थानिक शिक्षण प्राधिकरणाचे धार्मिक शिक्षणविषयक सल्लागार मंडळ असते. शाळेत आपल्या धर्माची ओळख कशी करून दिली जावी, याचा विचार तेथे होतो. आपल्या मुलांच्या पाठ्यक्रमात बुद्ध आहेत पण बाबासाहेब नाहीत, अशी तक्रार घरी करण्यापेक्षा त्या मंडळाकडे लेखी विचारणा करणे अधिक फलदायी होईल.

आणि या स्मरणिकेविषयी एक विनंती. शुभेच्छांच्या जाहिराती व मान्यवरांचे संदेश अवश्य असावेत. त्यांच्याबरोबर दोन पाने परिसरवार्तेसाठी राखून ठेवावीत. वर्षभरात कोणाचे निधन झाले, कोण जन्मास आले, कोण पदवीधर झाले, कोणत्या काउन्सिलकडे कोणते निवेदन गेले व त्याचे काय झाले, हे साध्या शब्दांत छापावे. जुन्या स्मरणिकांच्या प्रती ज्यांच्या माळ्यावर पडून असतील, त्यांनी त्या टाकून न देता मंडळाच्या स्वाधीन कराव्यात. उद्या आपल्या नातवंडांनी विचारले की आमचे आजी-आजोबा या शहरात कसे राहिले, कोणाशी झगडले, कोणाच्या मदतीला धावले, तर त्याचे उत्तर देणारा ग्रंथ दुसरे कोणी लिहिणार नाही. ते उत्तर याच पानांत सापडावयास हवे.

पुढील मासिक वंदनेला येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या रस्त्यावरची एक वार्ता लिहून आणावी, एवढेच आमचे मागणे आहे. फळा आपणच लावावयाचा आहे. खडूही आपल्याच हाती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!