खुकरी हे नाव पुन्हा द्या

माझगाव डॉकमध्ये मी पाइप फिटर होतो. बांधायला घेतलेल्या जहाजाला तिथे आधी नुसता यार्ड नंबर असतो. ड्रॉइंगवर, जॉब कार्डावर, पाइपांवर खडूने, सगळीकडे तोच. १९८६ मध्ये आमच्या हातातल्या कॉर्वेटचं नाव ‘खुकरी’ आहे असं कळलं, तेव्हा आमच्या फोरमननी चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, “बुडालेल्या शिपचं नाव कशाला रे?”

त्यांची भीती खोटी नव्हती. पहिली खुकरी ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’च्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

बुडालेल्याचं नाव पुन्हा ठेवावं का, हा प्रश्न आमच्या मालवणच्या घरात माझ्या बारशालाच येऊन गेला होता. वडिलांचे थोरले भाऊ होडीसकट समुद्रात गेले, आणि वडिलांनी त्यांचंच नाव मला ठेवलं. आजीने ते जन्मभर उच्चारलं नाही, मला ‘बाबू’च म्हणायची. पण शाळेच्या दाखल्यावर, पगाराच्या पावतीवर काकांचं नाव राहिलं. आजही गावात माझं नाव निघालं की कुणीतरी म्हातारं माणूस काकांची आठवण काढतं. फोरमनना मी एवढंच सांगितलं होतं.

जहाजाच्या मागच्या अंगाला देवनागरीत नाव बसलं, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोरमन परांचीवर चढले. ‘खु’च्या उकारावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि खाली उतरले. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

२३ ऑगस्ट १९८९ ला दुसरी खुकरी नौदलात दाखल झाली. तिच्यामागोमाग कुठार आणि कृपाण आल्या. पहिल्या खुकरीच्या जोडीदार जहाजांचीच ही नावं. बत्तीस वर्षं चाकरी करून डिसेंबर २०२१ मध्ये खुकरी निवृत्त झाली.

इतर जहाजांची नावंही परत आली आहेत. १९९७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू विक्रांत २०२२ मध्ये त्याच आर ११ या क्रमांकासह परत आली. आमच्या यार्डात बांधलेली १९७२ ची नीलगिरी जानेवारी २०२५ मध्ये नव्याने आली. दोन्ही वेळा मला आनंद झाला. पण ज्या नावाबरोबर १९४ माणसं गेली, ते पुन्हा घ्यायला जास्त छाती लागते. नौदलाने ती एकदा दाखवली आहे. पाकिस्तानने चिनी बनावटीच्या आपल्या नव्या पाणबुड्यांना हंगोर हेच नाव दिलं आहे. ते त्यांची आठवण जपणारच. आपण आपली का सोडावी?

दुसरी खुकरी आता दीवला आहे, जिथे पहिली गेली त्याच समुद्राकाठी. नाव मोकळं आहे. नौदलाला माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या कॉर्वेट बांधायला घ्याल तेव्हा त्यातल्या पहिलीचं नाव खुकरी ठेवा.