टेम्पररी!

आम्ही पेठची माणसं. सावळघाट ओलांडून नाशिकला जायचं ते बाजाराला, नाहीतर दवाखान्याला. यावेळी मात्र चक्क मजा करायला गेलो. एका मित्राने गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जागा घेतली आहे, तिथे.

जागा सुंदर, यात वाद नाही. पाण्याच्या कडेला लाकडी डेक, त्यावर गझिबो, झोपाळा, आणि पाहुण्यांसाठी चार तंबू. मी (सवयीप्रमाणे) विचारलंच, "परवानगी घेतलीस का रे?" तो हसला. "अरे, घर शेतघर म्हणून आहे. बाकी सगळं टेम्पररी. पाया नाही, भिंत नाही. उद्या उचलून नेता येईल."

थोड्या वेळाने एक आजी दोन गाई घेऊन तारेच्या कुंपणापाशी येऊन थांबल्या. मित्र म्हणाला, "आजी, वाट पलीकडून आहे." आजी म्हणाल्या, "आधी इथूनच होती." आणि गाई वळवून निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

येताना गाडीत तो 'टेम्पररी' शब्द डोक्यातून जाईना. तंबू उचलता येतो हो, पण तंबूमागच्या संडासाचा शोषखड्डा कसा उचलणार? उतार थेट पाण्याकडे, आणि ते पाणी अख्खं नाशिक पितं.

घरी आल्यावर थोडं वाचलं. १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात शेतघराची व्याख्या अगदी साधी आहे. अवजारं, खत, चारा, धान्य ठेवायला, गुरं बांधायला, कुटुंबाने आणि गड्यांनी राहायला. शेतीच्या कामाचा भाग असेल ते. झोपाळा आणि पाहुण्यांचे तंबू यात कुठे बसतात ते मला तरी कळलं नाही. बरं, पाणथळ जागांचे नियम तरी आड येतील? तर २०१७ च्या नियमांतून पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे ज्या पाण्यावर आपण जगतो, त्यालाच ते कवच नाही. खरं तर निफाडचं नांदूरमध्यमेश्वरही बंधाऱ्याचंच पाणी, पण २०२० साली ते रामसर यादीत गेलं. मनावर घेतलं तर होतं.

माझा मित्र वाईट माणूस नाही. गावातल्या दोन पोरांना त्याने काम दिलंय. पाण्याकाठी बसायला कोणाला आवडत नाही? माझं म्हणणं एवढंच, की नियमाने फक्त पाया आणि भिंत मोजू नये. सांडपाणी कुठे जातं आणि कोणाची वाट अडते, हे आधी मोजावं. या दोन प्रश्नांची नीट उत्तरं असतील तर खुशाल झोपाळा टांगा. नसतील तर साधा तंबूही नको.

हे सगळं मी का लिहितोय? कारण आता आमच्याकडेही चौकश्या सुरू झाल्यात. "तलावाकाठी एखादा तुकडा मिळेल का?" पेठमध्ये पाऊस धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन चालतात. इथल्या तलावाकडे 'व्ह्यू' म्हणून बघायची आम्हाला सवय नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही, हा मोठा आधार. शिवाय आमचा सगळा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे सोपवलंय. मग पहिला तंबू लागायची वाट कशाला बघायची? ग्रामसभेने आत्ताच ठराव करावा. पाण्यापासून अमुक अंतरात संडास नाही, कुंपण नाही, आणि गुरांची वाट कायम मोकळी.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तू लई विचार करतो." असेल. पण त्या आजींची वाट बंद झाली, ती काही टेम्पररी वाटली नाही मला.