स्त्री अभ्यास केंद्रांतल्या श्रमाचे मोल

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच वर्षी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातले ‘ओजेटी’, आले. त्याला ४ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने विद्यार्थ्याने १२० तास प्रत्यक्ष काम करावे, अशी अपेक्षा आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यापुढे बँक, पतसंस्था, सनदी लेखापालाचे कार्यालय असे पर्याय असतात. समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, मराठी या विषयांच्या मुलामुलींनी कुठे जायचे, हे मात्र विभागांनाही नीट सांगता येत नाही. मग कुणाच्या तरी ओळखीने प्रमाणपत्र मिळवले जाते, अहवाल जुळवला जातो आणि श्रेयांक पदरात पडतात. शिकायचे तेवढे राहून जाते.

ज्या विद्यापीठांत स्त्री अभ्यास केंद्र आहे, तिथे या अडचणीवरचा एक चांगला मार्ग आवारातच उपलब्ध आहे. अशा केंद्रात काम भरपूर असते आणि माणसे कमी असतात. विद्यार्थ्यांना तिथे घेतले, तर दोघांचाही फायदा आहे. पण त्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतील. काम खरे असले पाहिजे, त्यावर जाणत्या व्यक्तीची देखरेख हवी आणि त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. यातली तिसरी अट विद्यापीठांना सर्वांत जड जाईल. स्त्री अभ्यासाचा इतिहास पाहिला, तर तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

या विषयाचा आपल्याकडचा उगम वर्गखोलीतला नाही. केंद्र सरकारने १९७१ मध्ये स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. फुलरेणु गुहा तिच्या अध्यक्ष होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य सचिव. समितीचा ‘टुवर्ड्स इक्वालिटी’ हा अहवाल १९७४ मध्ये आला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारत गेली असेल, हा समज त्याने मोडून काढला. लोकसंख्येतले स्त्रियांचे घटते प्रमाण आणि रोजगारातून त्यांची होणारी पीछेहाट या अहवालाने आकड्यांनिशी मांडली. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे राहिले. स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये मुंबईतच, एसएनडीटीत भरली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्रियांच्या समतेसाठी शिक्षण हे उद्दिष्ट म्हणून आले आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मदतीने देशभर अशी केंद्रे निघाली. पुणे विद्यापीठातले, आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाणारे केंद्र १९८७ चे. विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांनी ते घडवले.

विद्यार्थ्यांचे काम ज्ञानात भर घालू शकते, याचे उत्तम उदाहरण याच पुण्याच्या केंद्राने घालून दिले आहे. जात आणि लिंगभाव यांच्या अभ्यासक्रमातून, विद्यार्थ्यांच्या सहभागाने, दलित समाजातील अन्नाच्या इतिहासावर आणि आठवणींवर ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ हे पुस्तक तयार झाले आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रीय जेवण म्हणून पाककृतींच्या पुस्तकांत जे छापले जाते, त्यात कोणाचे ताट येते आणि कोणाचे येत नाही, असा प्रश्न त्याने विचारला. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला, त्यांना पद्धत शिकवली आणि शेवटपर्यंत सोबत केली, म्हणून वर्गातला अभ्यास पुस्तकापर्यंत पोहोचला.

असे काम आजही पुष्कळ आहे. स्त्री चळवळीची पत्रके, अहवाल, मराठी नियतकालिकांचे जुने अंक कित्येक ठिकाणी कपाटांत पडून आहेत. ते लावणे, त्यांची सूची करणे, स्कॅन करून वाचकांना उपलब्ध करणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला दप्तरखान्याची शिस्त शिकवणारे काम आहे. घरकामगार, अंगणवाडी सेविका, ऊसतोड करणाऱ्या स्त्रिया यांच्या मुलाखती घेऊन त्या जशाच्या तशा उतरवून काढणे हे समाजशास्त्राचे प्रत्यक्ष शिक्षण आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्या भागातून शिकायला आलेल्या मुलीला हा विषय पुस्तकाआधी घरातून ठाऊक असतो. तिच्या या जाणकारीला विद्यापीठात जागा मिळण्याची शक्यता अशाच केंद्रात जास्त आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना कायदे आणि संशोधन सोप्या मराठीत आणता येईल. वसतिगृहे, स्वच्छतागृहे, रात्रीचे दिवे, शेवटच्या बसची वेळ यांची पाहणी करून आवार मुलींसाठी कितपत सुरक्षित आहे, हे विद्यापीठाला लेखी कळवता येईल. यातले कुठलेही काम केवळ मुलींचे नाही. मुलांनीही ते करावे, आणि आवर्जून करावे.

मात्र काही कामे विद्यार्थ्यांकडे देता कामा नयेत. हिंसाचाराला तोंड देणारी मुलगी मदत मागायला येते, तेव्हा तिच्याशी बोलण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशकच हवा. १२० तासांसाठी आलेल्या विद्यार्थ्याला तिथे बसवणे त्या मुलीवरही अन्याय आणि विद्यार्थ्यावरही. लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत तर २०१३ च्या कायद्याने गोपनीयतेचे बंधन घातले आहे. तक्रारदाराचे नाव, तक्रारीचा मजकूर, चौकशीचा तपशील उघड करता येत नाही. त्या फायली प्रशिक्षणार्थ्यांच्या हाती कधीच पडू नयेत. दुसरीकडे, नुसत्या झेरॉक्स काढणे, कार्यक्रमात खुर्च्या लावणे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे यालाही प्रशिक्षण म्हणता येणार नाही. मदत म्हणून ते सगळेच करतात. श्रेयांक मात्र शिकण्याबद्दल असतात.

देखरेख कशी असावी, यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याची परंपरा जुनी आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून, निर्मला निकेतन १९५५ पासून आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून या वाटेवर आहे. तिथे विद्यार्थी ठरलेल्या दिवशी संस्थेत जातो, केलेल्या कामाची नोंद लिहितो आणि पर्यवेक्षकाशी नियमितपणे एकट्याने चर्चा करतो. काय पाहिले, काय कळले नाही, कशाचा त्रास झाला, हे त्या चर्चेत बोलायचे असते. टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. हिंसाचारग्रस्त स्त्रियांना पोलीस यंत्रणेच्या आतच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याची मदत मिळावी, ही त्यामागची कल्पना होती. पुढे राज्य शासनाने ती इतर जिल्ह्यांतही नेली. शिक्षणसंस्था आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड नीट घातली, तर तिचा समाजाला केवढा उपयोग होतो, हे यावरून दिसते.

आता मोबदल्याचा प्रश्न. स्त्रियांचे बिनपगारी श्रम हे श्रमच आहेत आणि ते मोजले पाहिजेत, ही मागणी स्त्री अभ्यासाने अनेक दशके लावून धरली. आज सरकारची वेळ-वापर पाहणी तेच मोजते. २०२४ च्या पाहणीनुसार घरातल्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. ज्या केंद्रांत हे आकडे शिकवले जातात, तिथेच विद्यार्थिनींनी फुकट राबावे, हे पटण्यासारखे नाही. श्रेयांक मिळतात, हेच मोबदल्यासारखे आहे, असे सांगितले जाईल. पण श्रेयांकाचे शुल्क विद्यार्थ्याने आधीच भरलेले असते. एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट असले, तरी मुलाखतींसाठी गावोगाव फिरण्याचा, बाहेर जेवण्याचा, खोलीच्या भाड्याचा खर्च उरतोच. तो झेपतो त्यांनाच चांगले काम मिळेल आणि सुट्टीत मजुरीला किंवा दुकानात नोकरीला जावे लागणारी मुलगी जवळचे प्रमाणपत्र शोधेल. ज्या अनुभवांची केंद्राला सर्वाधिक गरज आहे, तेच अशाने दाराबाहेर राहतील.

शिकाऊ माणसाला पैसे द्यावेत, हे तत्त्व राज्य शासनाला मान्य आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले गेले. विद्यापीठांना एवढी रक्कम देता येणार नाही, हे मान्य. पण तासावर मोबदला देणारी ‘कमवा आणि शिका’ योजना आपल्या विद्यापीठांत आहेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वावलंबी शिक्षणाचा जो विचार रुजवला, त्याचे नाव या योजनेशी जोडलेले आहे. ग्रंथालयात आणि बागेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला जसे पैसे मिळतात, तसे मुलाखत उतरवून काढणाऱ्या विद्यार्थिनीला मिळायला अडचण असू नये. अट एवढीच, की नियमांत त्यासाठी जागा करावी लागेल.

केंद्रांची स्वतःची स्थिती फारशी बरी नाही, हेही नजरेआड करता येत नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेची मुदत २०१७ मध्ये संपल्यावर अनुदानाचे पुढे काय, या चिंतेने देशभरातील स्त्री अभ्यास केंद्रांना घेरले. कायम पदे कमी, कंत्राटी माणसे जास्त, असे चित्र असेल तर पर्यवेक्षण करायचे कोणी? म्हणून पाच-सहाच विद्यार्थी घ्यावेत, पण नीट घ्यावेत. विद्यार्थ्यांच्या बळावर रिकामी पदे भरून काढण्याचा मोह विद्यापीठांनी टाळावा.

केंद्रांनी आणखी एक जबाबदारी घ्यावी. ओजेटीसाठी विद्यापीठाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीला तिचे हक्क सांगण्याचे काम या केंद्रांइतके चांगले कोणी करू शकणार नाही. २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही येतात, पगार असो वा नसो. म्हणजे ज्या कार्यालयात ती जाईल, तिथल्या तक्रार समितीकडे दाद मागण्याचा तिला अधिकार आहे. हे कामावर रुजू होण्यापूर्वी तिला माहीत असले पाहिजे, आणि तिला घेणाऱ्या संस्थेलाही.

विद्यापीठांच्या अधिसभांपुढे दरवर्षी अर्थसंकल्प येतो. येत्या अर्थसंकल्पात स्त्री अभ्यास केंद्रांतील प्रशिक्षणार्थ्यांच्या विद्यावेतनाची आणि प्रवासखर्चाची स्वतंत्र तरतूद व्हावी, त्यांच्या पर्यवेक्षणाचे तास शिक्षकांच्या कार्यभारात धरले जावेत आणि ‘कमवा आणि शिका’चे नियम त्यानुसार बदलावेत, असा आग्रह अधिसभा सदस्यांनी धरावा. तरतूद छोटी आहे. कोट्यवधींच्या अर्थसंकल्पात ती सहज बसेल. फुकटच्या श्रमाला विरोध करणारे शिक्षण द्यायचे असेल, तर विद्यापीठांनी त्याची सुरुवात स्वतःच्या आवारापासून केली पाहिजे.