बांधावर सुबाभूळ नकोच

मागील अंकात एका वाचकांनी पर्माकल्चर शेतीच्या बांधावर सुबाभूळ लावण्याचा सल्ला दिला आहे. नत्र स्थिर होतो, चाराही मिळतो, हे खरे. पण शेंगा तडकल्या की बी सगळीकडे पसरते. पाच वर्षे मी रोपेच उपटतो आहे. शिवाय पाल्यात मिमोसीन असल्याने तो जनावरांना बेतानेच घालावा लागतो.

कोकणात त्यापेक्षा गिरिपुष्प बरे. पावसाच्या तोंडाशी कंबरेएवढी जून फांदी खोचली की फुटते. वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला आंब्या-काजूच्या आळ्यात घालावा. (त्याला उंदीरमारी म्हणतात, तेव्हा बियांपासून मुलांना लांब ठेवा.)

पत्रलेखकांनी करवंदाला ‘निव्वळ काटेरी झुडूप’ म्हटले, याचे मात्र नवल वाटले. गुरे शिरत नाहीत असे कुंपण, उन्हाळ्यात फळे, कच्च्यांचे लोणचे आणि एकदा रुजल्यावर पाण्याची मागणी नाही. पर्माकल्चरची कल्पना मांडणाऱ्या मॉलिसन आणि होल्मग्रेन यांचे ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक १९७८ साली ऑस्ट्रेलियात निघाले; एका झाडाकडून अनेक कामे घ्यावीत, हे त्या विचारातले मुख्य सूत्र. करवंद त्यात सहज बसते.

शेवगा लावायचा तर उंचवट्यावर. आमच्याकडच्या पावसात सखल जागी त्याची मुळे कुजतात.

– एक बागायतदार वाचक, रत्नागिरी