एका कोंबडीचे दुखणे

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या व्यवहारबुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ती स्वयंपाकघरातील जमाखर्चासाठी जन्मास आली होती, आणि आजारी जीव पदराखाली घेऊन गुरांच्या दवाखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावर ती फेकणे हे तिच्या इलाख्याबाहेरचे आहे. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या तपासणीवर हजारो रुपये खर्च करणाऱ्याला आपला समाज आता हसत नाही, मांजराचे दात काढल्याची बिलेही शहरांत मुकाट्याने चुकती होतात. पण बाजारात काही शे रुपयांना मिळणाऱ्या कोंबडीची विष्ठा तपासून घ्यावी, तिच्या पायाला पट्टी बांधावी, असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटते, त्यात रश्श्याचा वास स्पष्ट येतो.

मला या स्मिताविरुद्ध थोडे लिहावयाचे आहे, आणि तेही भूतदयेचा आधार न घेता. कारण भूतदयेचा मुद्दा मान्य करणारे तो आधीच मान्य करून बसलेले असतात आणि बाकीच्यांना तो कधीच पटत नाही. एकाच वेळी अनेक व्याधींनी ग्रासलेल्या एका कोंबडीवर उपचार करणे हे शास्त्रदृष्ट्या शक्य आहे, त्याला एक क्रम आहे, आणि हा क्रम सांगणारा माणूस तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात उपलब्ध असणे हे कोंबडीइतकेच गावाच्याही हिताचे आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या आत्याकडे, रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीत, तांबू नावाची गावठी कोंबडी आहे. वय झालेली, अंडी जवळजवळ बंद, परंतु आत्याच्या पायापायांत फिरण्याचा हक्क तिने कमावलेला. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती पंख पाडून, मान खांद्यांत ओढून खुराड्याच्या कोपऱ्यात पेंगू लागली. आत्याने तिला उचलून हाताने चाचपले तेव्हा एकेक बाब उघड होत गेली. उराचे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत होते. दोन्ही पायांवरची खवले उचलली जाऊन त्यांखाली पांढरट भुकटी साचली होती. डाव्या तळव्याच्या मधोमध काळी, टणक खपली धरलेली सूज होती. शेपटीखालच्या पिसांच्या मुळाशी उवांच्या लिखांचे पुंजके चिकटले होते. आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी, जी रात्रभरात रिकामी होऊन सकाळी हाताला लागूही नये, ती भिजवलेल्या कणकेप्रमाणे मऊ भरलेली असून चोचीला आंबूस वास येत होता.

अशा प्रसंगी शेजारधर्म जागृत होतो. एकाने पायांवर चोळावयास रॉकेल आणले, दुसरीने लसूण कुटून हळद-तेलात कालवून घशात ओतण्याची सिद्धता केली, तिसऱ्याने पशुखाद्याच्या दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या भुकटीची अर्धी पुडी उदारपणे देऊ केली, आणि चौथ्याने सुरी परजून सर्व रोगांवरचा एकच इलाज सुचवला. एक ना धड भाराभर चिंध्या अशी ही चिकित्सा जर एकाच दुपारी अमलात आली असती, तर तांबू संध्याकाळ पाहती ना. कारण अनेक रोग झालेल्या दुर्बल पक्ष्याला बहुधा एकेका रोगापेक्षा अनेक औषधांचा एकदम झालेला मारा अधिक लवकर नेतो.

आयुर्वेदाने मूळ व्याधी आणि त्या व्याधीच्या आश्रयाने मागाहून उद्भवणारा उपद्रव असा भेद केलेला आहे, आणि एक रोगच दुसऱ्या रोगाचे निदान, म्हणजे कारण, होऊ शकतो हेही चरकसंहितेत विस्ताराने आले आहे. तांबूच्या बाबतीत ही साखळी उलगडणे कठीण नव्हते. आत्याच्या अंगणात पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती, तेथे आता जांभ्या चिऱ्याची फरसबंदी झाली आहे. उंच दांडीवरून रोज पहाटे त्या खडबडीत दगडावर उडी मारणाऱ्या जड कोंबडीच्या तळव्याला सूक्ष्म जखम होते, त्यातून जंतू शिरतात आणि आत पू धरतो. पाय दुखला की कोंबडी चालत नाही. चालली नाही की दाण्यापाशी उशिरा पोहोचते आणि कळपातल्या दांडग्या कोंबड्या तिला टोचून हाकलतात. धुळीत लोळत नाही, चोचीने पिसे साफ करीत नाही, म्हणून उवा माजतात. कृश होते, एका जागी बसून जवळचे गवताचे लांब पाते गिळते, आणि मंदावलेली पिशवी तुंबून आतले अन्न आंबते. रोग मागून पुढे आले ते असे. पण इलाज मात्र पुढून मागे करावा लागतो, कारण जो उपद्रव सर्वांत शेवटी आला, तोच सर्वांत आधी प्राण घेणार असतो. आणि तळव्याचे गळू, जे सर्वांचे मूळ, ते आठवडाभर थांबू शकते.

म्हणून आरंभ ऊब आणि पाणी यांनी. निरोगी कोंबडीचे शरीर ४१ अंश सेल्सिअसच्याही वर तापलेले असते. ते तापमान टिकवण्यातच उपाशी पक्ष्याची शिल्लक शक्ती खर्ची पडते. आत्याने तिला इतरांपासून वेगळे काढून डालग्याखाली ठेवले, डालग्यावर गोणपाट टाकले, एका बाजूने जुना पिवळा दिवा लावला आणि दुसरी बाजू उघडी ठेवली, म्हणजे उकडल्यास तिला सरकता यावे. हे औषध नव्हे असे कोणी म्हणेल. मी म्हणेन की पहिल्या रात्रीचे औषध हेच होय.

त्यानंतर पिशवी. येथे खेडोपाडी एक घातक रिवाज आहे: कोंबडीला पायांना धरून उलटी टांगावयाची आणि पिशवी दाबून आतले ओकवावयाचे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते. ओकलेले पाणी किंवा घाईने ओतलेले तेल तेथून सरळ फुप्फुसांत उतरते आणि कोंबडी हातातल्या हातात गतप्राण होते. शिवाय पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचा पिंजरा वरखाली होईल तेव्हाच त्याला श्वास घेता येतो. त्यामुळे औषध पाजताना दोन्ही हातांनी ऊर घट्ट आवळून धरणारा माणूस, त्याची माया कितीही खरी असो, त्या जीवाला गुदमरवीतच असतो. पिशवी हलक्या हाताने चोळावी, दाणा बंद ठेवून थोडे थोडे पाणी द्यावे, आणि ती सकाळी रिकामी होऊ लागल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

उवांसाठी भुकटी मिळते. ती लिखांना मारीत नाही, म्हणून आठदहा दिवसांनी पुन्हा टाकावी लागते, आणि पूर्वीच्या बायका खुराड्यापाशी चुलीच्या राखेचा ढीग ठेवीत त्यात पुष्कळ शहाणपण होते. जंताच्या औषधाची मात्र घाई नको. आतड्यांत जंतांचा भार मोठा असेल आणि पक्षी दुबळा असेल, तर एकदम मेलेल्या जंतांचा गुंताच आतडे बंद करतो. आधी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच ठरवावे. पायाची उचललेली खवले हे त्यांखाली बिळे करणाऱ्या सूक्ष्म किड्याचे काम. त्यावर रॉकेलने कातडी भाजते, पण साधे खोबरेल रोज चोळल्यास किडा गुदमरून मरतो, हळद त्यात असली काय आणि नसली काय. शेजारणीच्या वाटीतले तेल उपयोगी होते, फक्त ते घशात नव्हे तर पायावर हवे होते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसाच हा प्रकार.

राहिला तळवा. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो घट्ट, चुऱ्यासारखा गोळा बनून आत रुतून बसतो, म्हणून पिळून तो निघत नाही आणि पिळल्याने फक्त जखम खोल जाते. तो शस्त्राने, स्वच्छ हाताने, वेदना शमवून काढावा लागतो. येथवर आत्याने घरी निभावले. येथे मात्र पशुवैद्यकाची गरज होती, आणि म्हणून ती तांबूला टोपलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात गेली.

"किती पक्षी आहेत, आजी?" खिडकीतल्या गृहस्थांनी विचारले.

"एक."

"एकासाठी नाही हो होत. शंभर-दोनशे असतील तर सांगा, लसीचं बघतो."

त्या गृहस्थांचा वैयक्तिक दोष त्यात फारसा नव्हता. त्यांच्यासमोरच्या दप्तरात गाय एक असू शकते, शेळी एक असू शकते, पण कोंबडीला एकवचन नाही. कोंबड्यांच्या मानमोडी रोगावरची लसच मुळी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांच्या कुपीत येते आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. पशुवैद्यकाला शिकताना भेटणारी कोंबडीही बहुतेक कळपातली: सहा आठवड्यांत कापली जाणारी मांसल, नाही तर बहात्तर-ऐंशी आठवड्यांनी अंडी घटताच मोडीत निघणारी. त्यापुढे कोंबडी जगते, पाच वर्षे, आठ वर्षेही जगते, तिला म्हातारपण येते, हे पाठ्यपुस्तकाच्या हिशेबात नाही. मूळची रानकोंबडी एका वेळेस मोजकीच अंडी घालून खुडूक बसते. तिच्या वंशजेकडून आपण वर्षाला तीनशे अंडी काढतो. ही उसनवार फेडताना वाढत्या वयात तिच्या अंडाशयाचे, अंडनलिकेचे जे रोग उद्भवतात, ते पाहण्याआधीच ती बाजारात गेलेली असते. पाळलेली म्हातारी कोंबडी हा वैद्यकाच्या दृष्टीने नवाच रुग्ण आहे.

आणि एकेका कोंबडीकडे नीट पाहिल्याने काय हाती लागते, याचा दाखला वैद्यकाच्या इतिहासातच आहे. १९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी छातीवरच्या गाठीसह पेटन राउस यांच्यापुढे आली. त्या गाठीच्या गाळलेल्या अर्कानेही दुसऱ्या कोंबड्यांत कर्करोग उत्पन्न होतो हे त्यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले, आणि विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो या शोधाबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल मिळाले. ती कोंबडी अर्थातच बरी झाली नाही. तिच्यावर उपचार करणे हा कोणाचा हेतूही नव्हता.

आता गावाच्या हिताचा मुद्दा. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला उघडकीस आली, आणि तेथील पोल्ट्रीवाल्यांच्या लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, हे अनेकांना स्मरत असेल. जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा केंद्रीय कायदा असे सांगतो की, अनुसूचित रोगाचा संशय आल्यास मालकाने तो कळवलाच पाहिजे. तेथे शंभर पक्ष्यांची अट नाही. म्हणजे कायदा एका कोंबडीची वर्दी मागतो आणि खिडकी एका कोंबडीला परत पाठवते. मान वाकडी होणे, हिरवट हगवण, तुरा काळानिळा पडणे, वाडीत एकापाठोपाठ एक कोंबड्या मरणे, ही लक्षणे दिसताच घरगुती उपचार सोडून वर्दी द्यावी, हे आत्यासारख्या बाईला शिकवावयाचे कोणी? एकदा टोपली घेऊन हात हलवीत परतलेली बाई पुढच्या वेळी मेलेली कोंबडी वहाळात टाकील, आणि साथीची पहिली खूण वाहून जाईल.

प्रतिजैविकांचेही तेच. कोलिस्टिनसारखे, माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरण्यास केंद्र सरकारने २०१९ मध्ये मनाई केली, ती योग्यच होती. पण ज्याला दवाखान्यात कोणी उभे करीत नाही तो दुकानातल्या पुडीकडे वळणारच, आणि औषध चालू असताना, व त्यानंतरही ठरावीक मुदतीपर्यंत, त्या कोंबडीचे अंडे खाऊ नये हे त्याला पुडी विकणारा सांगणार नाही. आजारी, औषध टोचलेली कोंबडी रश्श्यात घालण्याचा चौथ्या शेजाऱ्याचा तोडगाही याच कारणाने नामंजूर व्हावयास हवा.

यासाठी लागते ते फार नाही. आठवड्यातून एक वेळ ठरवून त्या दिवशी एकेकट्या कोंबड्या पाहाव्यात. विष्ठेची काचपट्टी तपासण्यास सूक्ष्मदर्शक बहुतेक तालुक्यांत आहेच, त्यावरचे कापड काढावे. मानमोडीच्या लसीसाठी ग्रामपंचायतीने एकच तारीख मुक्रर करून वाडीतल्या सगळ्यांच्या पाचदहा कोंबड्या एकत्र आणवाव्यात, म्हणजे कुपी वाया जाणार नाही. आणि जेथे इलाज उरला नसेल, तेथे वेदनारहित अंत देण्याची तरतूदही त्याच टेबलावर असावी. ती कोंबडीच्या धन्याने सुरीने किंवा भीतीने करावयाची गोष्ट नव्हे. तांबूचा तळवा शेवटी दुसऱ्या तालुक्यातल्या एका खाजगी पशुवैद्यकाने कापून स्वच्छ केला. त्यांनी घेतलेली फी कोंबडीच्या बाजारभावाहून अधिक होती, आणि आत्याने ती घासाघीस न करता दिली. तेथल्या नोंदवहीतही ‘पक्ष्यांची संख्या’ असा रकाना होता. डॉक्टरांनी त्यात १ लिहिले आणि पुढचा रुग्ण बोलावला.