शर्यतीपूर्वीची तेरीज

पुण्याची मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आणि मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. या दोहोंमध्ये सहा-सात आठवड्यांचे अंतर पडते. आपल्या समाजातील बरेच तरुण, आणि पन्नाशी उलटलेले काही उत्साही गृहस्थही, आता मुंबईत पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावू लागले आहेत. त्यांच्या घरी या दिवसांत एक वाद हमखास रंगतो. मधल्या काळात एखादी अर्धमॅरेथॉन किंवा १० किलोमीटरची शर्यत धावावी, की शक्ती राखून ठेवावी? वडीलधाऱ्यांचा कौल बहुधा राखून ठेवण्याकडे असतो. माझे मत वेगळे आहे.

वाणिज्य शाखेच्या वाचकांना तेरीज आठवत असेल. ताळेबंद मांडण्यापूर्वी खतावणीतील सर्व शिल्लका एका कागदावर उतरवून नावे आणि जमा या दोन्ही बाजू जुळतात का, हे पाहावे लागते. मोठ्या शर्यतीपूर्वीची छोटी शर्यत ही अशीच तेरीज होय. सरावात आपण आपल्याशीच सवलतीने वागतो. शर्यतीत छातीवर क्रमांक लागला की खरा आकडा बाहेर येतो.

आमच्या सूनबाईंचे उदाहरण देतो. पूर्ण अंतर चार तासांत धावायचे, असे तिने ठरवले होते. चारच तास का, तर आकडा वाटोळा आहे म्हणून! पुण्यात तिने अर्धमॅरेथॉन २ तास १० मिनिटांत पूर्ण केली. पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ साली एक सूत्र मांडले. अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट होत नाही, सुमारे २.०८५ पट होतो. त्या हिशेबाने तिचा वेळ ४ तास ३१ मिनिटे येतो. चार तासांसाठी दर किलोमीटर ५ मिनिटे ४१ सेकंदांत काढावा लागेल. पुण्यात सर्व बळ लावूनही तिचा किलोमीटर ६ मिनिटे १० सेकंदांचा होता. निम्म्या अंतरात न साधलेला वेग दुप्पट अंतरात कोठून यावा? हा प्रश्न विचारल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बेताचेच बोलली.

मात्र तेरीज जुळली म्हणजे पुस्तके निर्दोष, असे नव्हे. मुळात नोंदच राहून गेली असेल, तर तेरीज ती दाखवीत नाही. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठलेले असते, म्हणजे ढोबळमानाने १,६०० ते २,००० कॅलरी. साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावण्यास सुमारे ६० कॅलरी लागतात. अर्धमॅरेथॉनचा खर्च १,२७० च्या आसपास आणि पूर्णचा २,५०० च्या वर. काही भार शरीरातील चरबी उचलते हे खरे, तरीही अर्ध्या अंतरात खाते रिकामे होण्याची वेळच येत नाही. पूर्ण अंतरात ती तिसाव्या किलोमीटरच्या पुढे येते, आणि पेडर रोडचा परतीचा चढ नेमका शेवटच्या दहा किलोमीटरांत उभा असतो. शिवाय पुण्याची कोरडी थंडी निराळी, मुंबईची दमट सकाळ निराळी.

आपल्या घरांत या हिशेबात आणखी एक कलम येते. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याचे जेवण जानेवारीत सव्वासहाच्या आत आटोपते. शर्यत सुटते पहाटे पाचच्या सुमारास. जवळजवळ अकरा तासांचा हा खंड अर्धमॅरेथॉनमध्ये निभावून जातो, आणि तेच फसवे आहे. चौविहार व नवकारशी काटेकोर पाळणाऱ्याचा प्रश्न तर अधिक कठीण. मुंबईत त्या वेळी सूर्योदय सव्वासातला होतो. त्यावर ४८ मिनिटे धरली की आठ वाजून जातात. म्हणजे तीन तास पाण्याच्या थेंबाविना धावणे. प्रकृतीच्या दृष्टीने मला हे मुळीच मान्य नाही. नियम मोडावा, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. गुरुमहाराजांशी बोलून आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊन ज्याने त्याने ठरवावे, त्या वर्षी अर्ध्या अंतरावर समाधान मानण्याचा पर्यायही खुला असतो. परंतु हा निर्णय डिसेंबरात व्हावा. हाजीअलीजवळ घसा कोरडा पडल्यावर धर्मचिंतन होत नाही.

जे वाटेत खातात, त्यांनीही छोट्या शर्यतीतच सर्व पारखून घ्यावे. बाजारातील काही ऊर्जा-जेलमध्ये मध असतो, तेव्हा वेष्टन वाचावे. खजूर, केळे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी यांपैकी धावताना आपल्या पोटाला काय मानवते, हे घरी बसून कळत नाही. उकळलेलेच पाणी पिणाऱ्यांनी बाटली कमरेला बांधून धावण्याची सवय करावी.

शर्यत कधी धावावी, याबद्दल थोडेसे. धावपटूंमध्ये एक जुना ठोकताळा आहे: शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस हलका सराव. अर्धमॅरेथॉन १३ मैलांची, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे गेले. म्हणून ती मुख्य शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी उरकावी. दोन आठवडे उरले असता फार तर १० किलोमीटर, आणि शेवटच्या आठवड्यात काहीही नाही, मित्रांनी कितीही आग्रह केला तरी!

सूनबाईंनी शीतकपाटावरच्या कागदावरील चारचा आकडा खोडून ४:३० लिहिले आहे. माझ्या हिशेबापेक्षा तो एक मिनिटाने कमी आहे. तेवढी सूट मी मंजूर केली आहे.