सही कोण करणार?

तवंदी घाटात रात्री अकरानंतर जी पोरे गाड्या पळवतात, त्यांना आपण सगळे ओळखतो. ती कुठल्या परमुलखातून आलेली नाहीत. निपाणी, संकेश्वर, कागल, बेळगाव इथल्याच घरांतली आहेत. कुणाचा बाप तंबाखूच्या व्यापारात, कुणाचा कारखान्यात टर्नर, कुणाची आई शाळेत बाई. गाडी बहुधा सेकंडहँड: होंडा सिटी, लान्सर, झेन, एस्टीम, नाहीतर स्विफ्ट. इंजिन जपानी वळणाचे आणि त्यावर हात आपल्याकडच्या मेस्त्रीचा. या पोरांचे काय करायचे, याची दोन उत्तरे सीमाभागात तयार असतात. एक, पोलिसांत द्या. दोन, लग्न करून द्या, म्हणजे आपोआप ताळ्यावर येतील. मला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. महामार्गावरची शर्यत हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. उसाच्या हंगामात तवंदीच्या किंवा वंटमुरीच्या चढाला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रांगत असतो. मागे दिवा नसतो, असला तर पेटत नाही. वळणापलीकडे तो उभा आहे की चालतो आहे, हे ताशी दीडशेने येणाऱ्या पोराला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मेला तर पोरगा एकटा मरत नाही. ट्रॉलीवर झोपलेले ऊसतोडीचे कुटुंबही त्यात सापडते. ‘आमचा छंद’ म्हणून याचे समर्थन करणाऱ्याशी माझे बोलणे नाही.

पण गुन्हा नेमका कशाला म्हटले आहे, ते एकदा वाचून तरी बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातले कलम १८९. सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय जो करील किंवा करू देईल, त्याला शिक्षा. पूर्वी एक महिना कैद किंवा पाचशे रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला तीन महिने किंवा पाच हजार किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास वर्षभर किंवा दहा हजार किंवा दोन्ही, असे झाले. दंड वाढवताना सरकारने ‘लेखी संमतीशिवाय’ हे शब्द मात्र काढले नाहीत. याचा अर्थ कायद्याने शर्यतीला दार ठेवले आहे. त्या दाराची किल्ली म्हणजे एक सही. वाचकहो, माझा सगळा वाद त्या सहीपुरता आहे.

आता बैलगाडीकडे या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा आपल्या दोन्ही बाजूंच्या गावांत सुतक पडल्यासारखे झाले होते. मग काय झाले? २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, कर्नाटकानेही केला. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. सीमेच्या प्रश्नावर एकमेकांकडे पाठ फिरवून बसणाऱ्या दोन सरकारांनी बैलांसाठी एकच काम केले. मला त्याचा आनंदच आहे. चाकोरीच्या कडेला उभा राहून मीही ओरडलेलो आहे. पण तिथे कायदा बदलावा लागला. इथे कायदा बदलायची गरज नाही, नुसता कागद पुरे. तो मात्र निघत नाही, कारण मोटारवाल्या पोरांच्या मागे मतांचा गठ्ठा नाही.

कागद कसा निघत नाही, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाचसहा जणांनी माळावर एक दिवसाच्या शर्यतीसाठी अर्ज केला. अलीकडच्या एका कार्यालयात सांगितले, अर्ज मराठीत आहे, कन्नडमध्ये आणा. आणला. मग उत्तर आले, असा नमुना आमच्याकडे नाही. पलीकडच्या एका कार्यालयात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, “तुमच्या गाड्या केए बावीस, केए तेवीसच्या. तुम्ही तिकडंच मागा की.” एमएच नऊच्या गाड्या घेऊन गेलो असतो तर अलीकडच्यांनी हेच म्हटले असते. सीमेचा दावा २००४ साली न्यायालयात गेला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. माळावर एक दिवस गाड्या फिरवण्याच्या परवानगीला त्या निकालाशी काय देणेघेणे?

मी उद्यमबागेत बत्तीस वर्षे लेथवर काढली. ही पोरे माझ्याकडे इंजिनाचे हेड घेऊन येतात. “काका, अर्धा मिलिमीटर घासून द्या.” हेड घासले की कॉम्प्रेशन वाढते, ताकद वाढते, जास्त घासले की इंजिन ठोकायला लागते आणि शेवटी पिस्टन जातो. हे त्यांना कुणी कॉलेजात शिकवलेले नाही. हवा आत कशी यावी, जळालेला वायू बाहेर कसा जावा, गिअरचे दात किती असावेत, हे ती पदरचे पैसे घालून शिकली. मी एकच विचारतो, “पळवणार कुठं?” घाटात म्हणाला तर हेड तसेच परत देतो. माळावर म्हणणारा अजून आलेला नाही, कारण माळच नाही.

या गावाने यंत्रवेड्या माणसाला वाट दाखवण्याची ही पहिली वेळ नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केला. नगरपालिकेला वसाहतीसाठी त्यांची जागा हवी झाली आणि त्यांना उठावे लागले. औंधच्या राजांनी माळ दिला. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज आपण भाषणांत त्यांचे नाव अभिमानाने घेतो. माळ देणारा राजा शेजारचा होता, हे सांगायचे तेवढे राहून जाते.

आम्ही मागतो काय, ते नीट समजून घ्या. हिलक्लाइंब म्हणजे दहा गाड्या एकमेकींना घासत चढवणे नव्हे. चढाचा एक तुकडा दोन्ही टोकांना बंद करतात. एका वेळी एकच गाडी सुटते, घड्याळाशी झगडते आणि वर पोचली की दुसरी सोडतात. वळणावळणाला निशाण घेतलेला माणूस असतो. डोक्याला हेल्मेट, गाडीत पोलादी नळ्यांचा पिंजरा, हाताशी आग विझवण्याचे नळकांडे, पायथ्याशी रुग्णवाहिका. माळावरची शर्यत याहून साधी: काढणी झालेल्या रानात शंकू मांडायचे, मुरमावर फेरी मारायची, वेळ लिहायची. आंबोली किंवा चोर्ल्याचा घाट मी मागत नाही. ते सह्याद्रीचे जंगल आहे, ते शांतच राहू द्या. एखाद्या बंद पडलेल्या दगडखाणीचा चढ आणि पाच-सात एकर माळ, एवढ्यात भागते.

मालकाची संमती आणि बंदोबस्त असला की हे होते, याचे दाखले आहेत. आपल्याच राज्यात चिकमगळूरला कॉफीच्या मळ्यांतल्या खासगी रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय रॅली झाल्या. कोल्हापुरात हुपरी रस्त्यावरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. पण कार्ट म्हणजे मोटार नव्हे, आणि मोटारीचा ट्रॅक गाठायचा तर चेन्नई किंवा कोइमतूर. टर्नरच्या पोराने गाडी टेम्पोवर लादून आठशे किलोमीटर न्यायची कशी? जगाकडे पाहायचे तर अमेरिकेतल्या पाइक्स पीकचा रस्ता एरवी टोल भरून जाणाऱ्या पर्यटकांचा. शर्यतीपुरता तो बंद ठेवतात. २०११ मध्ये नोबुहिरो ताजिमा या साठीच्या जपानी गृहस्थांनी सुझुकी घेऊन १५६ वळणांचा तो वीस किलोमीटरचा चढ ९ मिनिटे ५१ सेकंदांत सर केला. दहा मिनिटांच्या आत तिथे आधी कुणीच पोचले नव्हते.

“परवानगीच्या शर्यतीत माणसे मरत नाहीत काय?” मरतात. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या मार्गावर मोटारसायकल आली आणि एकाच घरातले तिघे गेले. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर के. ई. कुमार हे जुने, अनुभवी चालक गेले. हे लपवून मला वाद जिंकायचा नाही. पण ट्रॅकवर मृत्यू झाला की शर्यत थांबते, चौकशी होते, नियम बदलता येतात. इंग्लंडात १९२५ साली कॉप हिलच्या शर्यतीत एका प्रेक्षकाचा पाय मोडला, तर सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतींना परवानगी देणेच बंद झाले. खेळ मात्र मेला नाही. शेल्स्ली वॉल्शच्या खासगी चढावर तो १९०५ पासून चालला होता, तिथे आजही चालतो. घाटात पोरगा गेला की आपल्याकडे काय होते? ‘भरधाव कारची धडक’ एवढी चार ओळींची बातमी, आणि दहाव्या दिवसापर्यंत वळणावर दुसरी गाडी.

दुसरा आक्षेप, हे श्रीमंतांचे चोचले. श्रीमंताला तवंदी घाट लागत नाही. तो चेन्नईला जातो. माळ लागतो तो गॅरेजमधल्या पोराला.

आता दोन शब्द घरच्यांना. पोराची गाडी मावशीच्या गोठ्यात लपवून ठेवायची आणि चारचौघांत ‘आमचा काही ऐकत नाही बघा’ म्हणायचे, हे थांबवा. अर्जावर पालकांच्या सह्या असल्या तर कार्यालयाला तो सहज फेकता येणार नाही. आणि पोरांना सांगणे असे की, बदललेली गाडी रस्त्यावर आणणे हाही वेगळा गुन्हा आहे. कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावले आहे. गाडी टेम्पोवरून न्या, टेम्पोवरून आणा. घाटात एकदा जरी पळालात, तरी आमच्या अर्जावर पहिली काट तुम्हीच मारलीत असे समजा.

नवा अर्ज तयार आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही. जागामालकाची संमती, डॉक्टरांचे पत्र, विम्याचा कागद, चालकांची यादी, सगळे जोडले आहे. बेळगावात एक प्रत देणार, कोल्हापुरात एक. दोघांपैकी आधी सही करील त्याच्या हद्दीत पहिली शर्यत घेऊ. दुसऱ्याला प्रेक्षक म्हणून बोलावू, मानाची खुर्ची देऊ. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी द्यावा, कारणासह, सहीनिशी. पुढचा पोरगा घाटात गेला, तर त्या कागदाची झेरॉक्स घेऊन मी त्याच्या आईकडे जाईन आणि खालची सही तिला वाचून दाखवीन.